लेखी आराखडा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात मुलुंड येथे केलेले भाषण)



शिष्यवृत्तीचे अर्ज यापुढे संगणकावर कोणत्या व्यवस्थेने घ्यावयाचे, हा प्रश्न मंडळापुढे आहे, आणि त्या व्यवस्थेची माहिती सोप्या भाषेत सांगण्याचे काम आमच्याकडे सोपविण्यात आले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि मुलांना गणित शिकविण्यात आयुष्य वेचलेले गृहस्थ. या विषयातील पदवी आमच्यापाशी नाही. परंतु अंधेरी व बोरिवली येथील आपल्याच घरांतील जे मुलगे-मुली हे काम नोकरीत नित्य करतात, त्यांच्याजवळ बसून आणि शंका विचारून त्यांना पुरते बेजार करून आम्ही जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

मागील हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. अर्जाचे पान एका होतकरू तरुणाने पदरचे पैसे आणि रात्रीची झोप खर्चून तयार केले होते. भाड्याने घेतलेल्या एका संगणकावर ते चालत असे. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला. एके वर्षी दहावीचा निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू झाली, आणि नेमके तेव्हाच ते पान उघडेना. कोणती कळ कोठे दाबली होती, कोणता अधिकार कोणास दिला होता, हे सर्व त्या एकाच्या डोक्यात. आणि येथे दिवस असे तेव्हा तो तेथे निजलेला असे. पान पुन्हा सुरू होईपर्यंत प्रवेशशुल्काची मुदत टळून गेली. काही घरांनी उसने पैसे काढले. एका मातेने बांगडी गहाण ठेवली, हे आम्हांस मागाहून कळले. त्या तरुणास बोल लावण्याचे कारण नाही. त्याने विद्या दिली, वेळ दिला. केलेले सर्व लिहून ठेव, असे त्यास कोणी सांगितले नव्हते.

आता नवी व्यवस्था. तिला 'सर्व्हरलेस' म्हणतात. हे नाव फसवे आहे. सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालू राहून आलेल्या मागण्या पुरविणारा संगणक, तो असतोच. मात्र तो आपण बाळगावयाचा नसतो. घरात एक मंगलकार्य निघाले म्हणून कोणी वर्षभर आचारी आणि वाढपी पगारावर ठेवीत नाही. कार्याच्या दिवशी त्यांना बोलवावे आणि जितकी पाने उठली तितक्यांचे पैसे द्यावेत. आपले अर्जही असेच आहेत: निकालानंतर आठ-दहा दिवस झुंबड, आणि पुढे वर्षभर शुकशुकाट. या व्यवस्थेत एकेका लहान कामाची आज्ञावली, जिला 'फंक्शन' म्हणतात, कंपनीकडे देऊन ठेवावयाची. एक फंक्शन अर्ज तपासील, दुसरे पोच पाठवील. अर्ज आला की ते जागे होते, काम करते आणि पुन्हा निजते. एकदम शंभर अर्ज आले तर त्याच्या शंभर प्रती उभ्या राहतात. आकारणी होते ती जितका वेळ ते चालले तितक्याचीच, तीही मिलिसेकंदाच्या मापाने.

हिशेब करून पाहू. ॲमेझॉन कंपनीच्या 'लॅम्डा' या सेवेत दरमहा पहिल्या १० लाख हाकांना आकार पडत नाही. समजा, २,००० अर्ज आले आणि प्रत्येकामागे ५ हाका झाल्या. एकूण १०,०००, म्हणजे त्या मर्यादेचा शंभरावा हिस्सा. कागदपत्रे साठविणे, निरोप पाठविणे यांचे दर निराळे आहेत, परंतु तेही वापरापुरतेच. दोष म्हणाल तर, बराच वेळ निजलेल्या फंक्शनला जाग येईपर्यंत पहिल्या अर्जदारास क्षणभर थांबावे लागते. आणि कोणतीही हाक १५ मिनिटांहून अधिक चालत नाही. आपल्या कामाला या दोन्ही गोष्टी क्षुल्लक आहेत.

ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आपली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली, हे ध्यानात ठेवले की साल विसरत नाही. कंपनीने आपले मुंबई केंद्र जून २०१६ मध्ये उघडले. या साऱ्या प्रकाराला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात खरे, परंतु हे ढग आपल्या उपनगरांच्या जमिनीवरच उतरलेले आहेत. समुद्रतळावरून आलेल्या संदेशतारा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. पवई-चांदिवलीकडे आणि मुलुंडच्या खाडीपुलापलीकडे ऐरोली-महापे या बाजूस यंत्रांनी भरलेल्या अवाढव्य इमारती उभ्या आहेत. ॲमेझॉन आपल्या इमारतींचे पत्ते प्रसिद्ध करीत नाही. पण आपण 'एपी-साऊथ-१' असे लिहिले की आपली साठवण मुंबई केंद्रात होते. असो.

केवळ भाड्याची यंत्रणा घेतल्याने मागची आपत्ती टळत नाही, हे आम्ही आग्रहाने सांगतो. ही नवी यंत्रणासुद्धा कंपनीच्या पडद्यावर एकामागून एक बटणे दाबून उभी करता येते, आणि तशी केली तर पुन्हा सर्व काही एकाच्याच डोक्यात राहील. दुसरी रीत अशी की कोणते फंक्शन, कोणती साठवण, कोणास कोणता अधिकार, हे सारे प्रथम साध्या मजकुरात लिहून काढावयाचे, आणि तो मजकूर वाचून यंत्रानेच यंत्रणा उभी करावयाची. या कामासाठी 'टेराफॉर्म' हे साधन आहे. तेही २०१४ मधलेच. आम्ही वर्गात मुलांना सांगत असू की नुसते उत्तर नको, रीत लिहा. येथे नेमके उलटे आहे. आपण फक्त उत्तर लिहावयाचे, म्हणजे शेवटी काय असावे ते. तेथवर पोहोचण्याची रीत साधन स्वतः काढते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या इमारती आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. मूळ मंजूर नकाशा सापडत नाही म्हणून सोसायटीची किती धावाधाव होते ते आपण जाणताच. आणि नकाशा सापडला तरी त्यात गॅलरी असते आणि प्रत्यक्षात तेथे खोली झालेली असते! टेराफॉर्ममध्ये 'प्लॅन' ही आज्ञा दिली की ते लेखी आराखडा आणि प्रत्यक्ष यंत्रणा ताडून पाहते आणि फरकाची यादी देते. नवीन करावयाचे असेल तेथे अधिक चिन्ह, बदलावयाचे असेल तेथे नागमोडी चिन्ह, पाडावयाचे असेल तेथे वजा चिन्ह. कोणी मध्येच हाताने काही बदलले असेल तर तेही त्यात उघडे पडते. ही यादी पाहून मान्यता दिल्यावर 'अप्लाय' करावयाचे. तोपर्यंत एका विटेलाही धक्का लागत नाही. आमच्या मते ही यादी खजिनदारांनीही वाचावी. संगणक येत नसला तरी चालेल. वजा चिन्ह दिसले की थांबावे आणि विचारावे.

दोन-तीन पथ्ये आहेत, ती मात्र कसोशीने पाळली पाहिजेत. टेराफॉर्म स्वतःपाशी एक नोंदवही ठेवते, जिला 'स्टेट' म्हणतात. आपण काय काय उभे केले ते तीत असते आणि कधी कधी गुप्त शब्दही असतात. ती एकाच्या घरच्या संगणकात राहता कामा नये. संस्थेच्या खात्यात, कुलपात आणि मागील प्रतींसह ठेवावी. गुप्त शब्द आराखड्यात तर कदापि लिहू नयेत. दुसरे, आराखड्यावरून घर पुन्हा उभे राहते, घरातील चीजवस्तू परत येत नाही. मुलांच्या गुणपत्रिका आणि अर्ज यांची वेगळी प्रत नियमाने घेतलीच पाहिजे. शिवाय ही मुले अल्पवयीन असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा २०२३ साली संमत झाला, त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. तेव्हा पालकांच्या संमतीचा रकाना अर्जात आताच असावा.

तिसरे पथ्य बिलाचे. एखादे फंक्शन ज्या साठवणीत कागद ठेवते, त्याच साठवणीत कागद आला की जागे व्हावे असे चुकून लिहिले गेले, तर समोरासमोरच्या आरशांसारखे ते स्वतःलाच हाका मारीत सुटू शकते आणि खर्च फुगू शकतो. म्हणून एका वेळी किती प्रती चालाव्यात याची मर्यादा आणि खर्चाची पूर्वसूचना, या दोन्ही ओळी आराखड्यातच हव्यात. सूचना आल्याने खर्च आपोआप थांबत नाही. ती वाचणारा माणूस लागतो.

परक्या कंपनीवर इतके विसंबावे काय, असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. टेराफॉर्मच्याच मालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा मुक्त परवाना बदलला; तेव्हा जगभरच्या जाणकारांनी जुन्या मुक्त प्रतीवरून 'ओपनटोफू' हे साधन पुढे चालविले. आपल्यासारखा साधा आराखडा त्यातही चालतो. ॲमेझॉन सोडून दुसरीकडे जावयाचे झाले तर मात्र बराचसा आराखडा नव्याने लिहावा लागेल, हे लपविण्यात अर्थ नाही. तथापि काय काय हवे याची यादी तरी हाती असेल. मागच्या वेळी तीही नव्हती. ज्यांना कागदी अर्जच सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी घाटकोपरच्या कार्यालयात तो ठेवावा, असेही आमचे मत आहे.

आमची सूचना येणेप्रमाणे. कंपनीकडील खाते व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावे. आराखडा 'गिट' या पद्धतीने ठेवावा, म्हणजे कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहील. प्रत्येक बदल दोघांनी पाहून मान्य करावा. एक पश्चिम रेल्वेच्या बाजूचा आणि एक मध्य रेल्वेच्या बाजूचा असल्यास उत्तम, म्हणजे पावसात एक मार्ग बंद पडला तरी दोघेही एकाच वेळी अडकून पडण्याचा संभव कमी. या कामाची माहिती असलेल्या मुलामुलींची नावे पालकांनी कार्यवाहांकडे द्यावीत.

आणि निकालापूर्वी एक तालीम व्हावी. ज्याने वा जिने हे काम पूर्वी पाहिलेले नाही अशा तिसऱ्याच व्यक्तीच्या हाती एक रिकामे खाते आणि केवळ हा मजकूर द्यावा, आणि तेवढ्यावरून अर्जाचे पान उभे करावयास सांगावे. शेजारी बसून कोणी काही सुचवावयाचे नाही. ती व्यक्ती जेथे अडेल तेथे आराखड्यात ओळ वाढवावयाची, खाते पुन्हा रिकामे करावयाचे आणि पहिल्यापासून सुरू करावयाचे.