उसाचा तुरा



नववीत बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला. मला काहीच दिसलं नव्हतं. घाबरून ‘दिसलं’ म्हणाले. बाई, आज कबूल करते.

उसाला तुरा आला की आमचे दादा वैतागायचे, वजन घटतं म्हणून. पण तुऱ्याशिवाय आपला ऊस झालाच नसता. जाड, गोड उसात ८० गुणसूत्रं. रानटी उसात, जागा बदलेल तशी, ४० ते १२८. कोइम्बतूरला १९१२ साली या दोघांचा संकर केला, त्यातून ‘को २०५’ आला. अशा संकरात गोड आई बहुधा निम्मी नाही, सगळी ८० देते. (आईच ती!) म्हणून आजच्या उसात शंभरावर गुणसूत्रं. १९३० च्या दशकात जानकी अम्मल तिथेच उसाची गुणसूत्रं अभ्यासत होत्या.

आपण मात्र कांडी लावतो, म्हणजे निव्वळ कॉपी-पेस्ट. शिवारभर ८६०३२. आमच्या कामात सगळीकडे एकच प्रत असली, की एक दोष सगळंच बंद पाडतो. भावाला म्हटलं, थोडी दुसरी जात लाव. “ताई, पुण्यात बसून शेती करू नकोस,” म्हणाला. यंदा मात्र दहा गुंठ्यांत त्याने वेगळं बेणं लावलंय. उद्या सकाळी बघायला जाणार आहे.