शाळेच्या अंगणातील जास्वंद



मुलांनी पावसाळ्यात हौसेने लावलेली जास्वंद पुष्कळदा पुढील मे महिन्याच्या सुटीत पाण्यावाचून वाळून जाते. झुडुपाबरोबर मुलांचा उत्साहही मावळतो. खरी हानी ती होय.

पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर काडी पावसाळ्याच्या आरंभी लावावी. खालची पाने काढून दोन डोळे मातीत जाऊ द्यावेत. झुडुपास दिवसातून ५-६ तास ऊन मिळावे. मुळाशी पाणी साचू देऊ नये. साचल्यास मुळे कुजतात, कळ्या गळतात. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरताच हलकी छाटणी करावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाचे सौम्य पाणी फवारावे आणि मुंग्यांचाही बंदोबस्त करावा. त्या या किडीची राखण करतात.

जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. त्याच्या पाच पाकळ्या, पुंकेसरांची नळी व टोकावरील पाच कुक्षी मुलांस नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. फळ्यावरील आकृतीहून हा पाठ अधिक जिवंत असतो.

सुटीपूर्वी बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाणी घालण्याच्या पाळ्या लावून द्याव्यात. शाळा उघडताच हिरवे झुडूप दिसले, म्हणजे अंगीकारलेले काम तडीस नेल्याचे समाधान मुलांस लाभेल.