सांभाळाची वेळ



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आव आम्ही आणणार नाही. घरातल्या वृद्ध माणसासाठी मदतीची व्यवस्था केव्हा करावी, एवढ्या एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. या परीक्षेत आम्ही स्वतः नापास झालो, हाच आमचा बोलण्याचा अधिकार.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात. पगार बंद झाला आणि आईने खानावळ चालवून घर ओढले. कोणापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा बाणा. वडिलांच्या मागे ती त्याच खोलीत एकटी राहिली.

तिला एकोणऐंशी वर्षे झाली तेव्हा दूध करपू लागले. महिना संपला तरी गोळ्यांचे पाकीट निम्मे भरलेलेच. विजेचे बिल एकदा दोनदा भरले गेले. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, वय झाले, चालायचेच. थोरले बंधू विचारीत, "हाताने जेवते ना? मग काळजी कसली?" एके सकाळी मोरीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. तिला पुढे कुठे ठेवायचे, हे आम्ही दोघा भावांनी इस्पितळाच्या जिन्यात उभ्या उभ्या ठरवले. तिला विचारले नाही. खोलीला कुलूप लावले आणि तिला बंधूंकडे नेले. महिन्याभराने ती एवढेच म्हणाली, "किल्ली तरी माझ्याजवळ द्यायची होतीस." पुढे ती दोन वर्षे जगली. किल्लीचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

नंतर आम्ही पुस्तके उघडली. अमेरिकेतल्या डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा साध्या गोष्टींवर बोट ठेवले होते: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. त्यांना असे आढळले की बहुधा अंघोळ सर्वांत आधी अडते आणि हाताने जेवणे सर्वांत शेवटी. म्हणजे आमचे बंधू, आणि त्यांच्यासोबत आम्हीही, शेवटच्या स्टेशनावर उभे राहून पहिल्या स्टेशनाची गाडी पाहत होतो! १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी याच्याही अलीकडची कामे मांडली: फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा हिशेब. करपलेले दूध, उरलेल्या गोळ्या, दोनदा भरलेले बिल, सारे त्या यादीत होते.

एखादी चूक तरुणाच्याही हातून होते. पण यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम घसरू लागल्या, की बोलण्याची वेळ आली असे समजावे. आणि बदल अचानक झाला असेल तर आधी डॉक्टरकडे जावे. पुष्कळदा एखाद्या गोळीचा परिणाम असतो, सोडियम उतरलेले असते किंवा कान अधू झालेले असतात. त्याला म्हातारपण म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे.

आता दुसरी वही उघडू. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाचा आठवडा ४८ तासांचा केला आणि साप्ताहिक सुटी बांधून दिली. त्या सुटीसाठी आम्ही दारोदारी भांडलो. पण आमच्या वहिनी आईसाठी रात्री तीनतीनदा उठत, त्यांना सुटी कोणी दिली? आम्ही रविवारी केळी घेऊन जात होतो आणि सेवा केल्याचे समाधान घेऊन परतत होतो. सांभाळणारीची झोप तुटली, पाठ गेली, बोलण्यात कडवटपणा आला, तर मदतीची वेळ आली आहे, मग वृद्ध माणूस कितीही ठणठणीत दिसो.

कोणी म्हणेल, बाई ठेवणे म्हणजे आईला परक्याच्या हाती देणे. आम्हांला तसे वाटत नाही. सकाळी अंघोळीपुरती दोन तास मदत घेतली, मोरीत धरायला दांडा बसवला, भावंडांनी महिने वाटून घेतले, की आई आपल्या खोलीत आणखी काही वर्षे राहू शकते. मात्र जी बाई येईल तीही कामगारच आहे. तिचे तास, सुटी आणि पगार आधी ठरवा. आईबापांना निर्वाहखर्च मागता यावा म्हणून २००७ साली कायदा झाला, तो चांगलाच आहे. पण कायदा पैसे मिळवून देईल, वेळ ओळखण्याचे काम घरच्यांचेच.

युनियनमध्ये आम्ही एक धडा शिकलो. वाटाघाटी संप पेटण्याआधी करायच्या असतात, आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला वगळून झालेला करार टिकत नाही. घरातही तेच. म्हातारे माणूस चालते-बोलते आहे, तोवर त्याला मधोमध बसवा आणि विचारा: मदत कशात हवी, आणि कोणती गोष्ट शेवटपर्यंत स्वतःच्या हाती ठेवायची आहे? आईला आम्ही हे विचारले असते, तर तिचे उत्तर आज आम्हांला ठाऊक आहे. एका किल्लीपलीकडे तिचे मागणे नव्हते.

आज घरी गेल्यावर गोळ्यांचे पाकीट एकदा पाहा.