तारीख कोर्ट देतं, मुदत कायदा देतो
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



छोटं वकिली ऑफिस म्हणजे एक वकील, एखादा ज्युनिअर, एक कारकून आणि फडताळात रचलेले बस्ते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टातली बरीचशी वकिली अशाच ऑफिसांतून चालते. मोठ्या फर्मला व्यवस्थेसाठी वेगळी माणसं ठेवता येतात. इथे युक्तिवाद करणारा, समन्सचा भत्ता भरणारा आणि रात्री पक्षकाराचा फोन घेणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. म्हणून साधनांचा प्रश्न मी गंभीरपणे मांडतो आहे. ऑफिसातला एक कागद सापडला नाही, तर कुणाची जमीन जाते, कुणाची पोटगी लांबते.

आधी तारीख. पुकारा होतो, पुढची तारीख पडते, आपण ती डायरीत उतरवतो. ही कागदी डायरी टाकून द्या, असं मी कुणाला सांगणार नाही. कोर्टात उभ्या उभ्या नोंद करायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. पण संध्याकाळी ऑफिसात आल्यावर ती ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपशी ताडून घ्या. प्रत्येक प्रकरणाला अक्षरं आणि अंक मिळून 16 स्थानांचा सीएनआर क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची. पुणे जिल्ह्याचा क्रमांक ‘एमएचपीयू’ने सुरू होतो. तो एकदा ॲपमध्ये साठवला की पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते आणि अपलोड झालेले हुकूम दिसतात. ॲप मोफत आहे. ते न वापरण्याला आता काही सबब नाही.

मात्र ॲप जे सांगत नाही, तिथेच वकिलाचा खरा कस लागतो. तारीख कोर्ट देतं, ती विसरली तर कुणीतरी आठवण करून देतं. मुदत कायदा देतो आणि तिची आठवण कुणीही करून देत नाही. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत द्यायची, कोर्टाने वाढवून दिलं तर 90 दिवसांपर्यंत. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 90 दिवसांत. कॅव्हेट दाखल केल्यापासून 90 दिवसांनी संपतं. यातली एकही गोष्ट रोजच्या बोर्डावर येत नाही.

चेकच्या प्रकरणात तर मुदतींची साखळीच असते. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाली की 30 दिवसांत नोटीस. नोटीस समोरच्याला पोचल्यापासून त्याला पैसे द्यायला 15 दिवस. त्यात पैसे आले नाहीत की तिथून पुढे एक महिन्यात फिर्याद. म्हणजे सगळा हिशेब नोटीस पोचली त्या दिवसावर उभा. आपल्याकडे काय होतं? पोहोच पावती येते, कारकून ती बस्त्यात खोचतो आणि तारीख कुठेच लिहिली जात नाही. पावती हातात पडताच ती तारीख मुदतींच्या वहीत गेली पाहिजे. ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी छापून घ्या.

नकलेचंही तसंच. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवायला लागलेले दिवस मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वगळता येतात. पण नक्कल तयार झाल्यानंतर आपण ती घ्यायला उशिरा गेलो, तर ते दिवस आपल्या खात्यावर पडतात. नकलेवर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख नोंदवलेली असते. नक्कल हातात आली की निकालाच्या आधी त्या तीन तारखा वाचायच्या, अशी सवय ज्युनिअरला पहिल्या महिन्यातच लावावी.

मुदतींची वही मी म्हणतो, ती गूगल शीट असली तरी चालेल. रकाने थोडेच हवेत: प्रकरण, काय घडलं, कोणत्या तारखेला, शेवटचा दिवस, आपला दिवस आणि काम कुणाचं. ‘आपला दिवस’ शेवटच्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधीचा. सोमवारी सकाळी कोर्टात निघण्यापूर्वी दोघांनी मिळून ही वही वाचायची. एकट्याने वाचलेली वही पुरेशी नाही, हे माझं ठाम मत आहे. माणूस आजारी पडतो, गावाला जातो. अशा वेळी मुदत दुसऱ्या कुणाला तरी माहीत असली पाहिजे.

आता एक खास आपल्या भाषेतली अडचण. मराठीत टाइप केलेले आपले जुने दावे, कैफियती, नोटिसा श्रीलिपीत नाही तर कृतिदेवमध्ये पडून आहेत. त्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी अक्षरं कळतच नाहीत. ‘वहिवाट’ शोधा, काही सापडणार नाही. मोबाइलवर फाइल उघडा, चित्रविचित्र चिन्हं दिसतील. वर्षानुवर्षं मेहनतीने तयार केलेले मसुदे असे मुके होऊन बसले आहेत. आजपासून प्रत्येक नवा मसुदा युनिकोडमध्येच करा. जुन्यांपैकी जे वारंवार लागतात तेवढे रूपांतरित करून, काळजीपूर्वक वाचून ठेवा, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास बिघडतात. सात-बाऱ्यावरचं एखादं आडनाव बिघडलं तर पुढे निस्तरत बसावं लागतं.

स्कॅन केलेल्या फाइलींना नावं देतानाही शिस्त हवी. ‘नवीन स्कॅन 3’ असल्या नावाचा कागद हरवल्यातच जमा. आधी वर्ष-महिना-दिवस, मग केस नंबर, मग निशाणी. म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. केस नंबरातली तिरकी रेघ विंडोजला चालत नाही, तिथे आडवी रेघ घाला.

पैशांबद्दल थोडक्यात. पक्षकाराने दिलेल्या पैशांचा हिशेब ठेवणं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी घातलेलं बंधन आहे. फी वेगळी, कोर्ट फी-भत्ता-नकलांचा खर्च वेगळा, आणि प्रत्येकाची तारीख. नवं वकीलपत्र घेण्यापूर्वी विरुद्ध बाजूचं नाव आपल्या यादीत शोधा. कालचा आपला पक्षकार आज समोर उभा असू शकतो. आणि पक्षकाराचे कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणं हे आपलं कर्तव्य आहे; भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे.

सभागृहात वकिलांपेक्षा पक्षकार जास्त असतील. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून आजच मागून घ्या, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, आणि टपालाने आलेलं प्रत्येक पाकीट, त्यावरच्या शिक्क्यासकट, वकिलांच्या ऑफिसात पोचवा.