भरती अधिकाऱ्यासमोर जाताना



महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सैन्यातील सेवा ही केवळ चरितार्थाची सोय मानली जात नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नाव लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच घेतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन वीरांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉसचा बहुमान मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर लाभला. अशा परंपरेच्या प्रदेशात भरतीची वार्ता आली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात मुले धावू लागतात. त्यांच्या अंगी जिद्द असते, घरच्यांचा आशीर्वाद असतो. उणीव असते ती एकाच गोष्टीची. भरती कार्यालयाशी व्यवहार कसा करावा, तेथील अधिकाऱ्यास काय सांगावे आणि त्यास काय विचारावे, याची माहिती फार थोड्यांना असते. या अज्ञानावरच काही माणसांचा धंदा चालतो. म्हणून या विषयाचा विचार जरा तपशिलाने करणे अगत्याचे आहे.

भरती अधिकाऱ्याचे काम

भरती अधिकारी म्हणजे नोकऱ्या वाटणारा दाता, असा एक समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भरती करणारी माणसे गावोगाव हिंडत, तरुणांची मनधरणी करीत, आणि माणसे आणून देणाऱ्यास बक्षीसही मिळे. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती असल्यामुळे भरती अधिकाऱ्यास कोणाची मनधरणी करावी लागत नाही. त्याचे काम निवडीचे आहे. नियमांत बसणाऱ्या उमेदवारास तो नाकारू शकत नाही आणि न बसणाऱ्यास घेऊ शकत नाही. धावण्याचा वेळ, परीक्षेचे गुण, डॉक्टरांचा अहवाल आणि कागदपत्रे या चार गोष्टींवर निवड ठरते. या चारही ठिकाणी वेगवेगळी माणसे काम करतात. एखाद्याच्या शब्दाखातर साऱ्या साखळीने मान तुकवावी, अशी तिची रचनाच नाही.

महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सैन्याची भरती कार्यालये आहेत. प्रत्येक कार्यालयाकडे ठरावीक जिल्हे सोपविलेले असतात. कोल्हापूरच्या कार्यालयाकडे तर दक्षिण महाराष्ट्र व कोकणातील काही जिल्ह्यांसह गोव्याचे दोन्ही जिल्हे येतात. आपला जिल्हा कोणत्या कार्यालयाकडे आहे, हे उमेदवाराने सर्वप्रथम जाणून घ्यावे. शंका असेल तर तेथेच विचारावी. माजी सैनिकांच्या कामासाठी असलेल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही योग्य दिशा दाखविली जाते. या विचारपूशीस पैसा लागत नाही.

भरतीचा क्रमही आता बदललेला आहे. पूर्वी आधी मैदानावरील मेळावा होई आणि लेखी परीक्षा नंतर. २०२३ पासून संगणकावरील सामाईक प्रवेश परीक्षा प्रथम घेतली जाते आणि तीत निवडलेल्यांनाच मैदानावर बोलाविले जाते. २०२३ मध्ये या परीक्षेसाठी उमेदवाराच्या वाट्याला २५० रुपये शुल्क होते; उरलेला निम्मा भार सैन्याने उचलला होता. संकेतस्थळावर भरावयाच्या या शुल्काखेरीज भरतीच्या नावाने कोणी पैसा मागितला, तर तो मागणारा सैन्याचा माणूस नव्हे, हे पक्के समजावे.

दलालाचे गणित

मैदानाच्या वाटेवर, चहाच्या टपरीवर, कधी सरावाच्या ठिकाणीच एखादा गृहस्थ भेटतो. ‘वर आपली ओळख आहे. काम झाले तरच पैसे, नाही तर परत,’ असे तो सांगतो. ऐकणाऱ्यास हा सौदा सचोटीचा वाटतो. त्यामागचे गणित मात्र ध्यानात घ्यावे. समजा, असा माणूस वीस मुलांकडून रक्कम घेतो. त्या वीसांतील दोन-तीन मुले स्वतःच्या गुणांवर निवडली जातातच. त्यांचे पैसे तो ठेवून घेतो आणि उरलेल्यांना परत करतो, किंवा करतही नाही. त्याने कोणासही शब्द टाकलेला नसतो, कोणाचीही ओळख वापरलेली नसते. मुलाने स्वतःच्या घामाने मिळविलेल्या यशाची किंमत तो मुलाच्याच बापाकडून वसूल करतो. त्यासाठी कोणी जमिनीचा तुकडा गहाण टाकतो, कोणी आईचे दागिने मोडतो. काही ठिकाणी तर हमी म्हणून शाळेचे मूळ दाखले ठेवून घेतले जातात, आणि मूळ कागद हाती नसल्यामुळे गुणवान मुलगा ऐन वेळी मैदानाबाहेर राहतो.

याहून मोठा धोका कायद्याचा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सैन्यभरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण ठाणे पोलिसांनी उघडकीस आणले. त्यात अनेकांना अटक झाली आणि शेकडो परीक्षार्थींना चौकशीस तोंड द्यावे लागले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी देशभर होणारी शिपाई पदाची परीक्षा पुण्यात प्रश्नपत्रिका फुटल्याचे कळताच रद्द झाली. काही थोड्यांनी आडवाट धरली आणि त्याची शिक्षा महिनोन् महिने अभ्यास केलेल्या हजारो निरपराध मुलांना भोगावी लागली.

ज्या दारासाठी एका समाजाला अनेक वर्षे झगडावे लागले, ते दार विकत घेण्याची कल्पनाच या मातीला शोभत नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महार समाजाची सैन्यभरती बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे त्याविरुद्ध अर्ज केले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. आज कोणत्याही जातिधर्माच्या पात्र तरुणास भरतीसाठी अर्ज करता येतो. लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून मुलींचीही निवड होते. त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

कागद खरा असावा

भरती अधिकारी उमेदवारास ओळखतो तो कागदांवरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि अधिवासाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसऱ्याच रीतीने लिहिलेले, असा प्रकार आपल्याकडे नेहमी आढळतो. ही दुरुस्ती तहसील कार्यालयात वा शाळेत करून घेण्यास वेळ लागतो. ती भरतीची जाहिरात येण्यापूर्वीच करून घ्यावी. चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, जातीचा दाखला, राष्ट्रीय छात्रसेनेचे प्रमाणपत्र असल्यास ते, असे सर्व कागद मूळ प्रती व छायाप्रतींसह एका पिशवीत जपून ठेवावेत. मूळ प्रत तपासणीच्या टेबलाखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये.

अर्ज संगणक केंद्रातून भरला जात असेल, तर दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता केंद्रचालकाचा न देता स्वतःचा द्यावा. पुढील सर्व सूचना त्याच पत्त्यावर येतात. परवलीचा शब्दही स्वतःजवळच असावा.

वय कमी दाखविणे, दुसऱ्या जिल्ह्याचा रहिवास सांगणे, पोलीस ठाण्यातील प्रकरण दडविणे, हे मोह कटाक्षाने टाळावेत. निवड झाल्यावरही कागदांची पडताळणी होते. खोटा कागद वर्षभराने उघडकीस आला तरी सेवा जाते आणि नावावर डाग राहतो.

प्रकृतीविषयी लपवाछपवी नको

१.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण करणाऱ्यास ६० गुण, दहा पुल-अप्सना ४० गुण, शिवाय ९ फुटी खंदक ओलांडणे, हे मैदानावरचे निकष बहुतेकांना तोंडपाठ असतात. वैद्यकीय तपासणीची तयारी मात्र कोणी करीत नाही. सपाट तळवे, उभे राहिल्यावर एकमेकांस लागणारे गुडघे, फुगलेल्या शिरा, दृष्टिदोष, रंग ओळखण्यातील अडचण, अशा कारणांनी धावेत पुढे असलेली मुलेही मागे पडतात. म्हणून सरावास लागण्यापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात एकदा तपासणी करून घ्यावी. कानातील मळासारखी साधी गोष्ट आधी साफ करून घेतली, तर डॉक्टरांना कान नीट तपासता येतो. गोंदणाचेही नियम आहेत. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूसच ते चालते; आदिवासी उमेदवारांच्या बाबतीत त्यांच्या चालीरीतींचा विचार होतो.

उत्तेजक औषध घेऊन धावणे हा गुन्हा तर आहेच, पण जिवाशी खेळही आहे. जुने दुखणे डॉक्टरांपासून लपविणारा मुलगा केवळ नियम मोडत नाही; उद्या बर्फाळ चौकीवर शेजारी उभ्या राहणाऱ्या सोबत्याचा जीव तो धोक्यात घालतो. मैदानावरील डॉक्टरांनी अपात्र ठरविले, तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागण्याची सोय असते. त्यासाठीचे पत्र तेथेच मागून घ्यावे आणि दिलेल्या मुदतीत हजर व्हावे.

विचारण्यात संकोच नसावा

भरती अधिकाऱ्यापुढे मान खाली घालून उभे राहावे आणि तो सांगेल तेथे सही करावी, ही रीत योग्य नव्हे. ज्या करारावर सही करावयाची, तो समजून घेणे हा उमेदवाराचा हक्क आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सेवेचा काळ प्रशिक्षणासह चार वर्षांचा आहे. जाहीर झालेल्या अटींप्रमाणे पहिल्या वर्षी मासिक ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये वेतन असून त्यातील तीस टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापली जाते. तेवढीच भर सरकार घालते, आणि चार वर्षांअखेर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. ४८ लाख रुपयांचा विमाही आहे. या चार वर्षांसाठी निवृत्तिवेतन व उपदान मात्र नाही. अधिकाधिक पंचवीस टक्के अग्निवीरांनाच पुढे नियमित सेवेत घेतले जाते. या काळात विवाह करता येत नाही, आणि मनात आले म्हणून मध्येच सेवा सोडताही येत नाही.

यास्तव सही करण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्टपणे विचारून घ्याव्यात. कोणत्या पदासाठी निवड होत आहे? त्या पदासाठी शिक्षणाची व गुणांची अट कोणती? वयाची मर्यादा या वर्षी काय आहे? चार वर्षांनंतर कोणत्या सवलती मिळतील? अटी वर्षागणिक बदलू शकतात. म्हणून मागच्या वर्षी भरती झालेल्या मित्राच्या सांगण्यापेक्षा चालू वर्षाची अधिसूचना प्रमाण मानावी. उमेदवार अठरा वर्षांखालील असेल, तर आईवडिलांची संमती लागते. तेव्हा त्यांनीही हे सर्व वाचून, कोणाकडून तरी वाचून घेऊन, मगच अंगठा वा सही करावी. शंभरांतील पंचाहत्तर मुले चार वर्षांनी घरी परततील, हे गृहीत धरून पुढील शिक्षणाचा वा व्यवसायाचा विचार आजच घरात झाला पाहिजे. तो विचार करणे म्हणजे सेवेविषयी अश्रद्धा नव्हे. डोळे उघडे ठेवून दिलेला शब्दच अखेरपर्यंत पाळला जातो.

भरती अधिकारी आणि उमेदवार यांच्यामध्ये तिसऱ्या माणसास जागा नाही, एवढी एक गोष्ट प्रत्येक गावाने मनावर घेतली तरी पुष्कळ साधेल. ग्रामपंचायतीच्या फलकावर भरती कार्यालयाचा पत्ता आणि अर्जाची मुदत लिहिली जावी. गावातील माजी सैनिकांनी संध्याकाळी तासभर मुलांचे कागद तपासून द्यावेत. शिक्षकांनी नावातील चुका वेळीच दुरुस्त करून द्याव्यात. एवढे झाले तर मैदानावर उतरणारा मुलगा कोणाचा मिंधा असणार नाही. आणि ज्याची निवड होणार नाही, तोही घर कर्जात न बुडविता, ताठ मानेने परत येईल.