पंचनामा कोणाच्या नावाने?



२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही घरे गाडली गेली. २००५ साली जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगले होते. अरबी समुद्र तापतो आहे. अतिवृष्टी वाढते आहे. हा निसर्गाचा भाग झाला.

परंतु पाऊस सर्वांवर सारखा पडला, तरी भरपाई सर्वांना सारखी मिळत नाही. ती सातबारावरील नाव पाहून मिळते. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणारे नोंद नसलेले कूळ, दळी कसणारा कातकरी, लावणी-बेणणीत राबणारी स्त्री यांची नावे तेथे सहसा नसतात. ज्याची मालकी नाही, तो उताराला बांध कशाच्या भरवशावर घालील?

डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडले. पुढे खोती कायद्याने गेली. कसणाऱ्याचे नाव मात्र अजून पुरते कागदावर आलेले नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पंचनामा प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाने व्हावा. २००६च्या वनहक्क कायद्याखालील दळीधारकांचे दावे निकाली निघावेत. कमी पाण्यावर येणारी व वर्षानुवर्षे टिकणारी नाचणी हमीभावाने येथेच खरेदी होऊन येथल्याच रेशन दुकानांत मिळावी.

२० मार्च १९२७ रोजी याच महाडात पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित करण्यासाठी माणसे चवदार तळ्यावर गेली. जमिनीचा व अन्नाचा हक्क हे त्याच वाटेवरील पुढचे पाऊल आहे.