बाळ वाचू शकते, हे तिला कोणी सांगायचे?

(महिला आरोग्य मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)

उपस्थित माता-भगिनींनो आणि मागच्या रांगेत संकोचाने बसलेल्या बंधूंनो,

एचआयव्हीचे नाव आता खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. १९८६ साली चेन्नईत आपल्या देशातील पहिले बाधित रुग्ण आढळले. त्यानंतर भिंतीभिंतीवर घोषणा रंगल्या. परंतु गर्भवती भगिनींशी बोलताना मला वारंवार एक गोष्ट जाणवते. हा रोग आईकडून बाळाला होतो, हे तिने ऐकलेले असते. तो टाळता येतो, हे तिच्या कानी आलेलेच नसते. जे चुकणारच नाही ते कळून काय उपयोग, असा विचार करून ती चाचणीच टाळते.

हा समज पूर्णतः चुकीचा आहे. कोणताही उपचार न केल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. संसर्ग गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी वा स्तनपानातून होतो. नियमित औषधाने आईच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की या तिन्ही वाटा जवळजवळ बंद होतात. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला हे औषध आजन्म व विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही, हेही जाता जाता सांगते.

मात्र औषधाला अवधी द्यावा लागतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच चाचणी व्हावी. डोहाळजेवणाचा दिवस आपण किती हौसेने ठरवतो! त्यानंतर मुलगी माहेरी जाते, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. अशीच एक मुलगी माझ्याकडे आली होती. माहेरी कोणाला कळू नये म्हणून ती गोळ्यांची बाटली सासरीच ठेवून आली होती. दीड महिना औषध नाही. कळा सुरू झाल्यावर तिने हे मला हळूच सांगितले, तेव्हा तिची आई दाराबाहेर उभी होती. बाळाला जन्मतःच औषध सुरू केले. सहाव्या आठवड्यात पहिली तपासणी झाली, अठराव्या महिन्यात अखेरची. बाळ सुखरूप निघाले. परंतु ते दीड वर्ष त्या मुलीने कसे काढले, ते मी पाहिले आहे. माहेरी जाण्यापूर्वी आपल्या उपचार केंद्रात सांगितले असते, तर माहेरजवळच्या केंद्रातून औषध मिळण्याची व्यवस्था झाली असती.

आता आजीबाईंना एक विनंती. गुटी, मध, साखरेचे पाणी हे सारे आपण मायेनेच देतो. परंतु बाधित आईचे बाळ अंगावर पीत असेल, तर पहिले सहा महिने त्याला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले औषध तेवढे चुकवू नये. बाहेरच्या पदार्थांनी आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि विषाणूला आत शिरण्यास वाव मिळतो. सुनेने गुटीला नकार दिला, तर कारण खोदून विचारू नका. ती सांगू शकत नसेल.

बंधूंनो, गरोदरपणामुळे घरात प्रथम तपासणी होते ती स्त्रीची, म्हणून दोषही तिच्याच माथी येतो. कित्येकदा संसर्ग पतीकडूनच आलेला असतो. तेव्हा पत्नीसोबत आपणही रक्त तपासून घ्या. तिची चाचणी निर्दोष आली तरी आपल्याला बाधा असेल, तर गर्भारपणातही तिला ती होऊ शकते.

गुप्ततेचे भय अनेकींना वाटते. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष उघड करता येत नाही. घरातून विचारणे अवघड वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर निःशुल्क माहिती मिळते.

कार्यक्रम संपल्यावर मी पलीकडच्या खोलीत थांबणार आहे. एकेकटीने या. नाव विचारणार नाही.